सेरापोलच्या उतारावरची सांगड

मित्रांनो, मी एक जुनी सांगड आहे, आणि एवढे वय झाले तरी माझी भीती गेलेली नाही. सांगड म्हणजे काय ते आधी सांगते. दोन लांब होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यांच्यावर आडव्या तुळया टाकायच्या आणि तुळयांवर फळ्यांचा सपाट मजला ठोकायचा, की झाली सांगड. स्पेन देशात एब्रो नावाची मोठी नदी आहे. तिच्या डाव्या काठावर सेरापोल नावाचे गाव आहे. त्या गावच्या उतारावर मी चाळीस वर्षांहून अधिक काळ माणसे इकडून तिकडे नेली.

मला गास्पार मिस्त्रींनी बांधले. त्यांनी होड्यांसाठी डोंगरावरचा पाइन वापरला आणि तुळयांसाठी ओक. फळ्यांच्या फटींत ताग ठोकला आणि वर उकळते डांबर ओतले. त्या डांबराचा चटका मला अजून आठवतो. प्रत्येक फळी बसवण्यापूर्वी मिस्त्री तिच्यावर बोटाने टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. आवाज बसका आला की फळी बाजूला. एक फळी मात्र त्यांनी बसक्या आवाजाचीच बसवली, कारण त्या दिवशी त्यांच्या मुलीचे लग्न होते आणि त्यांना घाई होती. उजव्या होडीच्या तळाची ती फळी पुढे जन्मभर पाझरत राहिली.

मला वल्ही नाहीत, शीड नाही, यंत्र नाही. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड पोलादी तार ताणलेली होती. तारेवर कप्पी फिरायची. कप्पीला बांधलेल्या दोराच्या टोकाला आकडी होती, तिच्यात मी अडकवलेली असायची. सुकाणू थोडे वळवले की प्रवाह माझ्या अंगावर तिरका यायचा आणि त्याच्याच जोराने मी पलीकडे सरकायची. नदी मला ढकलायची आणि तार मला धरून ठेवायची. तार नसती तर मी थेट समुद्राला गेले असते. हे मला पहिल्या दिवशीच कळले आणि तेव्हापासून माझा सगळा जीव त्या तारेत अडकला.

एलॉयचेही तसेच होते. एलॉय माझा नावाडी. उंच, काटकुळा, मोठ्या कानांचा. त्याचा आजा नावाडी, बाप नावाडी, आणि हा तिसऱ्या पिढीचा नावाडी पाण्याला भ्यायचा. लहानपणी त्याचा थोरला भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत भोवऱ्यात गेला होता. तेव्हापासून एलॉय गुडघ्याच्या वर पाण्यात उतरला नाही आणि पोहायलाही शिकला नाही. माझ्यावर उभा असला की त्याचा एक हात सुकाणूवर आणि दुसरा दोरावर असायचा. त्याची बायको तेक्ला चारचौघांत म्हणायची, "आमचा माणूस सूपसुद्धा काठाकाठाने खातो." लोक हसायचे. एलॉयही हसायचा, पण दोर सोडायचा नाही.

ती वर्षे चांगली होती. मी खेचरे नेली, द्राक्षांच्या पाट्या नेल्या, तेलाचे बुधले नेले. कधी वरात नेली, कधी शवपेटी. पलीकडच्या काठावर ऑलिव्हच्या बागा होत्या आणि तीन-चार घरे. त्यांतल्या शेवटच्या घरात एलॉयची थोरली बहीण रुफिना एकटी राहायची. तिचा नवरा वारला होता. साठ झाडे आणि एक बकरी, एवढा तिचा संसार. दोन्ही काठांवर नांगराचा एकेक जुना फाळ टांगलेला होता. ज्याला नदी ओलांडायची तो दगडाने फाळ वाजवायचा आणि एलॉय मला घेऊन जायचा. कोण वाजवते आहे हे त्याला ठोक्यांवरून कळायचे. रुफिना दोन ठोके द्यायची, थांबायची, मग एक द्यायची. दोन त्याला जागे करायला आणि एक शिवी म्हणून, असे तिचे म्हणणे होते.

मग युद्ध आले. परक्या देशाशी नव्हे, आपलेच आपल्यांशी. काही सेनापतींनी सरकारविरुद्ध बंड केले आणि एका उन्हाळ्यात देशाचे दोन तुकडे झाले. आमचे गाव सरकारच्या बाजूला राहिले. पण मित्रांनो, मला खरी भीती प्रथम वाटली ती बंडवाल्यांची नव्हे. ती वाटली आमच्याच काठावर उतरलेल्या चार माणसांची.

ते आमच्या गावचे नव्हते, पण सरकारच्याच बाजूचे होते; पैसेवाले आणि चर्चवाले म्हणजे बंडवाल्यांचे हस्तक, असे ते मानायचे. त्यांच्या गळ्यांत लाल रुमाल होते आणि खांद्यांवर बंदुका. ऊन कलले होते. त्यांच्याबरोबर गावातले तिघे होते. तेलघाणीचा मालक, त्याचा जावई आणि चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा पेरेजोन. तिघांचे हात पुढे बांधलेले होते. बंदूकवाल्यांनी एलॉयला पलीकडे न्यायला सांगितले. कशासाठी, हे एलॉयने विचारले नाही. नदीच्या मध्यावर आल्यावर पेरेजोनने अगदी रोजच्यासारखे विचारले, "पाणी वाढलंय का रे, एलॉय?" एलॉय म्हणाला, "नाही, तेवढंच आहे."

ते बागांत गेले. थोड्या वेळाने झाडांतून पक्ष्यांचा थवा एकदम उडाला. परत येताना माझ्यावर चारच माणसे होती. एलॉयने तेव्हाही काही विचारले नाही. घरी गेल्यावर तो जेवला नाही आणि पुढचे कितीतरी दिवस तेक्लाच्या तोंडून त्याच्याविषयी एकही थट्टा निघाली नाही. माझ्या फळ्यांवर सात माणसांचे वजन चढले होते आणि चारांचे उतरले होते. हा फरक मला लाकडाच्या आतपर्यंत जाणवला.

दीड वर्षाने लढाईच नदीवर आली. सरकारची फौज हरत हरत मागे येत होती. तीन दिवस मी एकसारखी ये-जा करत होते. चिखलाने भरलेले सैनिक माझ्यावर उभ्या उभ्या झोपायचे. गाद्या आणि कोंबड्या घेतलेल्या बायका असायच्या, चाके मोडलेल्या गाड्या असायच्या. प्रत्येक खेपेला मागच्या तोफांचा आवाज थोडा जवळ आलेला असायचा. एलॉयने दरवेळी पलीकडे उतरून रुफिनाला निरोप धाडला. ती आली नाही. बकरी विणार आहे, असे तिने कळवले.

चौथ्या दिवशी हुकूम आला. शेवटची खेप झाली की तार खाली पाडायची आणि सांगड जाळायची, म्हणजे ती बंडवाल्यांच्या हाती लागणार नाही. एलॉयने होकारार्थी मान हलवली. तो भ्याला की नेहमी मान हलवायचा. त्याने रॉकेलचा डबाही आणला. तेक्लाने तो त्याच्या हातातून काढून घेतला. ती म्हणाली, "ही जळली तर उद्या तुझी बहीण इकडे कशाने येणार? पोहत?"

त्यांनी मला काठाकाठाने खालच्या वेताच्या बेटात नेले, माझ्या दोन्ही होड्यांत गोटे भरले आणि तळाची बुचे काढली. वर उतारावर तेक्लाने डुकरांचा जुना गोठा पेटवून दिला. सैनिकांनी लांबून धूर पाहिला आणि त्यांचे समाधान झाले. इकडे मी बुडत होते.

मित्रांनो, तीन महिन्यांहून अधिक काळ मी पाण्याखाली होते. कोणी कोणाला पाण्याखाली ठेवू नये. वर हिरवा, गढूळ उजेड दिसायचा. माझ्या फटींतून वाम मासे ये-जा करायचे. दोन्ही काठांवरून गोळीबार झाला की एखादी गोळी पाण्यात शिरायची, तिचा जोर मरायचा आणि ती माझ्या फळीवर खड्यासारखी टपकन पडायची. मला सारखे वाटायचे की ज्यांनी मला बुडवले ती दोघे मेली तर मी इथे आहे हे कोणालाच कळणार नाही. मग दिवसातून एकदा वर वेत हलायचा. एलॉय पोटावर सरपटत तिथे यायचा. तो मला बघायला यायचा असे मला आधी वाटे. पण तिथून पलीकडच्या काठावरचे रुफिनाचे अंगण दिसायचे. ती दुपारी चादर वाळत घालायची. चादर दिसली की तो आल्या वाटेने परत सरपटत जायचा.

उन्हाळ्यात सरकारच्या फौजेने नदी पुन्हा ओलांडायचे ठरवले. ही गोष्ट गुप्त होती, पण ओर्तुन्यो नावाचा एक लेफ्टनंट होड्या आणि दोर घेऊन गावात आला आणि नदी माहीत असलेला माणूस शोधू लागला, तेव्हा सगळे समजले. त्याला लोकांनी एलॉयकडे धाडले. तेक्लाने दारातच सांगून टाकले की सांगड जळलेली नाही, ती बुडवून ठेवली आहे. एलॉयचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. हुकूम मोडला म्हणून त्या दिवसांत माणसे गोळी घालायला भिंतीशी उभी केली जात होती.  ओर्तुन्यो कारकुनासारखा दिसणारा, चष्मा लावलेला तरुण माणूस होता.

"चांगली आहे का अजून?" त्याने विचारले.

"एक फळी पाझरते, साहेब," एलॉय म्हणाला.

"मग बाहेर काढा."

मला वर काढले, फटी बुजवल्या, नवे डांबर ओतले, नवी तार ताणली. पहिले सैनिक अंधारात लहान होड्यांतून गेले. उजाडल्यावर माझी पाळी आली आणि उजेडाबरोबर विमाने आली.

विमानाचा आवाज आला की माझ्यावरची माणसे खाली वाकायची. मला वाकता येत नव्हते. मी नदीच्या मधोमध, उन्हात, सपाट आणि उघडी होते आणि तारेमुळे मला एकाच रेषेत जाता येत होते. वरून ती रेषा स्पष्ट दिसत असणार. बाँब पाण्यात पडला की घराएवढा पांढरा खांब उभा राहायचा. तो कोसळला की माझ्यावर मेलेले मासे पडायचे. एका खेपेला दारूगोळ्याची पेटी लादलेले खेचर बिथरले आणि दोन सैनिकांना घेऊन पाण्यात गेले. पेटीच्या वजनाने तिघेही वर आले नाहीत. त्यांची नावे मला माहीत नाहीत. त्यांतला एक जण चढताना माझ्या फळीला पाय घासून चिखल पुसत होता.

त्या सैनिकांपैकी पुष्कळांना पोहता येत नव्हते. एकाने एलॉयला विचारले, "काका, तुम्हाला पोहता येतं ना?" एलॉयचे दात वाजत होते. तो म्हणाला, "येतं की. माशासारखं." तो सैनिक जरा सैलावला. मग एलॉय दिवसभर प्रत्येक खेपेला, कोणी विचारले नाही तरी, हेच सांगू लागला. काठावर दोर आवरणाऱ्या तेक्लाने ते ऐकले आणि ती पुढचा दोर गुंडाळू लागली. पहिल्या दिवशी आम्ही सतरा खेपा केल्या.

फौज पलीकडच्या डोंगरांपर्यंत गेली आणि तिथे अडकली. मग चार महिने मी जाताना धडधाकट माणसे न्यायची आणि येताना जखमी आणायची. रक्त फळ्यांत मुरते, मित्रांनो. डांबरावर ते थांबत नाही, पण उघड्या पाइनमध्ये ते खोल जाते. एक दिवस आकाशात एकही ढग नव्हता आणि नदी फुगू लागली. वरच्या अंगाला धरणे होती आणि ती बंडवाल्यांच्या ताब्यात होती. त्यांनी दारे उघडली होती. तासाभरात अख्खी झाडे वाहत आली आणि खालचा लष्करी पूल काडीसारखा मोडला. एलॉयने मला काठाला ओढून पाच ठिकाणी बांधले आणि संध्याकाळपर्यंत तो माझ्या शेजारी उभा राहून प्रत्येक गाठ पुन्हापुन्हा तपासत राहिला.

नोव्हेंबरात सगळे संपले. फौज पुन्हा मागे आली. या वेळी ती धावत नव्हती, कारण धावण्याइतके बळ कोणात उरले नव्हते. शेवटच्या सकाळी दाट धुके होते. दुरुस्त केलेला पूलही आमच्याच लोकांनी सुरुंग लावून उडवला होता. उतारावर फक्त ओर्तुन्यो, त्याचे तीन सैनिक, एलॉय आणि तेक्ला होते. तार तोडायची आणि मला जाळायचे, हेच काम राहिले होते. या वेळी रॉकेलचा डबा ओर्तुन्योच्या हातात होता.

तेवढ्यात धुक्यातून पलीकडचा फाळ वाजला. दोन ठोके, मग थोडा वेळ काहीच नाही, मग एक.

 ओर्तुन्यो हळू आवाजात म्हणाला की तिकडे आता आपले कोणी नाही, हा सापळा आहे. एलॉय म्हणाला की ही त्याची बहीण आहे. तेक्लाने त्याची बाही धरली. जन्मभर त्याच्या भित्रेपणावर हसणारी बाई, त्या दिवशी तीच भ्याली होती.

"तिच्या डोक्याला बंदूक लावून वाजवून घेत असतील," ती म्हणाली. "जाऊ नको."

"असेल तसंही."

"मग?"

 एलॉय म्हणाला, "त्या दिवशी मी पेरेजोनला नेलं, तेव्हा काही विचारलं नाही. आज पलीकडे जाऊन निदान कोण आहे ते विचारतो."

ओर्तुन्योने चष्मा पुसला. त्याने सांगितले की धुके असेपर्यंत तो थांबेल. धुके उठले आणि पलीकडे बंडवाले दिसले की तार तोडली जाईल, मग सांगड कुठेही असो. एलॉयने मान हलवली आणि तो माझ्यावर चढला.

इतके रिकामे मला कधीच वाटले नव्हते. माझ्यावर एकच माणूस होता आणि त्याच्या पायांची थरथर माझ्या फळ्यांत उतरत होती. धुक्यात काठ नव्हता, आकाश नव्हते, फक्त कप्पीची कुरकुर होती. ती कुरकुर थेट पलीकडच्या माणसांच्या कानांत शिरते आहे, असे मला वाटत होते. मला परत फिरायचे होते. पण सुकाणू माझ्या हातात कधीच नव्हते.

पलीकडे रुफिनाच होती. तिच्याजवळ ऑलिव्ह उतरवायची हातगाडी होती आणि तिच्यावर तीन जखमी सैनिक एकमेकांवर रचल्यासारखे पडले होते. गाडीच्या दांड्याला बकरी बांधलेली होती. फौज मागे गेली तेव्हा या तिघांना तिच्या घराच्या तळघरात विसरून गेली होती. शेजारच्या एका म्हाताऱ्याने असाच एक जखमी लपवला होता. बंडवाल्यांनी काल त्या दोघांनाही विहिरीपाशी नेऊन गोळ्या घातल्या, असे तिने सांगितले.

"बकरीसुद्धा?" एलॉय म्हणाला. 

"तिचं दूध कोण काढणार इथे? तू?"

दोघांनी मिळून गाडी माझ्यावर चढवली. आम्ही काठापासून पंधरा हात गेलो असू, तेव्हा मागे बुटांचे आवाज आले. कोणीतरी ओरडून थांबायला सांगितले. एलॉयने सुकाणू आणखी वळवले. पहिली गोळी कुठे गेली ते कळले नाही. दुसरी माझ्या कठड्यात घुसली. आणि मित्रांनो, नेमके तेव्हाच धुके वर उचलले गेले.

आम्ही नदीच्या मधोमध होतो. मागे काठावर पाच-सहा शिपाई गुडघ्यावर बसून नेम धरत होते. पुढे आमच्या काठावर ओर्तुन्योची माणसे तारेच्या खांबापाशी करवत घेऊन उभी होती. एलॉयला जे कळले ते मलाही त्याच क्षणी कळले. आमच्या काठाचे टोक तुटले की तार पलीकडच्या खांबाला लोंबकळत राहणार, आणि प्रवाह मला तिच्याबरोबर फिरवून सरळ त्या शिपायांच्या पायाशी नेऊन घालणार. एकच मार्ग होता. तार तुटण्यापूर्वी आपणच तिला सोडायचे.

काठावरून तेक्लाचा आवाज आला. ती गुडघाभर पाण्यात उभी होती.

"सोड! एलॉय, सोड!"

एलॉयचा हात दोरावर होता आणि तो उघडेना. मी पाहिले, त्याची बोटे पांढरी पडली होती. तो स्वतःच्या हाताकडे असे बघत होता जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. रुफिनाने मागून त्याचा कमरपट्टा दोन्ही मुठींत धरला आणि गोठ्यात बोलावे तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "मी धरलंय तुला. तू आकडी काढ."

त्याने आकडी काढली.

ते मी कसे सांगू? इतकी वर्षे ज्या ओढीने मला धरून ठेवले होते ती एकाएकी गेली. मी गिरकी घेतली. काठ माझ्याभोवती फिरले. आमच्या मागे तार तुटली आणि चाबकासारखी पाण्यावर आदळली. नदी मला नेऊ लागली आणि मला कुठेच थांबवणारे काही नव्हते. पाझरणाऱ्या फळीतून पाणी आत येत होते, बकरी ओरडत होती, गोळ्या पाण्यात सपासप शिरत होत्या आणि मग वळण आल्यावर त्या थांबल्या. एलॉय दोन्ही हातांनी सुकाणूला लोंबकळला होता. तो रडत होता आणि सुकाणू फिरवत होता. मोडक्या पुलाच्या खांबांमधून आम्ही हातभर अंतराने निसटलो. दुसऱ्या वळणावर डाव्या काठाला वाळूगोट्यांचा बांध होता. एलॉयने मला सरळ त्याच्यावर घातले. माझी उजवी होडी तळापासून फुटली. तो आवाज ऐकून मला वाटले, मी संपले.

तिघांतला एक सैनिक वाटेतच केव्हातरी गेला होता. रुफिनाने त्याचे डोके मांडीवर घेतले होते आणि तो जिवंत आहे असे समजून ती त्याच्याशी बोलत आली होती. बाकीचे दोघे वाचले. तासाभराने तेक्ला काठाकाठाने धावत आली. तिचे गुडघे फुटले होते, एक चप्पल नव्हती. एलॉय वाळूवर बसला होता. ती त्याच्यापुढे उभी राहून बराच वेळ धापा टाकत राहिली.

"लग्नापासून सांगतेय," ती म्हणाली, "पोहायला शिक म्हणून." आणि ती त्याच्याजवळ बसली आणि तिने त्याचे पाय पदरासारख्या आपल्या शालीत गुंडाळले.

ओर्तुन्यो पुन्हा कधी दिसला नाही. दोन महिन्यांनी बंडवाल्यांनी हा काठही घेतला आणि युद्ध त्यांनी जिंकले. एलॉयला त्यांनी धरून नेले. सरकारच्या फौजेला नदी ओलांडायला मदत केली, हा त्याचा गुन्हा. तो अडीच वर्षे तुरुंगात होता. तिथून तो खोकला घेऊन परतला. रुफिनाची साठातली एकवीस झाडे उरली होती. ती पुन्हा तिकडे जाऊन राहिली. वाचलेल्यांपैकी एक जण सरहद्दीपलीकडे फ्रान्सला गेला, दुसऱ्याचे काय झाले ते आम्हाला कळले नाही.

मला नव्या लोकांनी वाळूतून काढले, उजवी होडी बदलली आणि पुन्हा तारेला अडकवले. काही वर्षांनी एलॉयला परवाना परत मिळाला. त्याने मला आणखी सोळा वर्षे चालवले. मग काँक्रीटचा पूल झाला. त्याच्या उद्घाटनाला बँड वाजला आणि एका अधिकाऱ्याने माझ्याविषयी दोन गोड वाक्ये म्हटली. दुसऱ्या दिवसापासून मी वेतात पडून होते. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. कोणीतरी तीन फळ्या सरपणाला नेल्या. एलॉय होता तोवर हिवाळ्यापूर्वी येऊन डांबराचा हात फिरवायचा. तो गेल्यावर तेक्ला यायची. ती गेल्यावर कोणी आले नाही.

आता शहरातल्या काही लोकांनी मला छपराखाली आणून ठेवले आहे. पुढे एक पाटी लावली आहे. तिच्यावर मला 'शूर' म्हटले आहे. ज्याने ती लिहिली त्याला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प आहे. पण मित्रांनो, तुम्हाला खरे सांगते. मी एकही खेप न घाबरता केली नाही आणि माझा नावाडीही नाही. भ्यायलेल्या माणसानेच ती बहीण, ते तिघे आणि ती बकरी इकडे आणली.

येत्या वसंतात मला पुन्हा पाण्यात सोडायचे ठरले आहे. सुटीत येणाऱ्या लोकांना नदीत एक फेरी मारून आणायची, अशी गावाची इच्छा आहे. मला आनंद झाला आणि धडकीही भरली. माझे लाकूड वाळले आहे. म्हणून आधी मला दोन आठवडे काठाशी उथळ पाण्यात भिजू द्या. फटींत हात घालून बघा. एका वेळी फार माणसे चढवू नका. आणि चढलेल्यांत एखादा असेल, मोठा असो वा लहान, ज्याचा चेहरा पाणी बघून उतरला आहे. त्याला हसू नका. थोडे सरका आणि मधोमध बसायला त्याला जागा द्या.